चौसष्ट घरांचा आकडा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा कार्यकर्ते मंडळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, दरवर्षीप्रमाणे तुम्ही इतिहासावर लिहा. आम्ही म्हटले, लिहितो. पण यंदा माणसांचा नाही, एका आकड्याचा इतिहास लिहितो. मंडळी हसली. एक जण तर म्हणाला की, आकडा म्हटल्यावर लोकांना भलताच आकडा आठवेल! तो आकडा नव्हे. आमचा आकडा वीस अंकी आहे. वाचक बंधू-भगिनींनी तो एकदा सावकाश वाचावा:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

हा आकडा आमच्या मागे कसा लागला ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती लपवून इतिहास लिहिणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका प्रबोधन शिबिरात आम्ही भाषण करीत होतो. भाषणाच्या भरात आम्ही काशीची गोष्ट सांगितली. काशीच्या एका मोठ्या देवळात तीन सुया रोवलेल्या आहेत, एका सुईत सोन्याच्या चौसष्ट तबकड्या आहेत, पुजारी रात्रंदिवस त्या एका सुईतून दुसऱ्या सुईत हलवीत बसले आहेत, आणि काम संपेल त्या दिवशी जग बुडेल अशी त्यांची समजूत आहे. आम्ही पुढे म्हणालो, "बघा, आमचे बापजादे मातीत राबत होते आणि ही मंडळी हजारो वर्षे तबकड्या हलवीत बसली!" टाळ्या पडल्या. भाषण संपले. चहाच्या वेळी आपल्याच वस्तीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "काका, हे देऊळ काशीत नेमकं कुठं आहे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. गोष्ट कुठे वाचली तेही धड आठवेना. रात्रपाळीला साचावर उभे असताना तोच प्रश्न डोक्यात. कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते आम्ही विहारात कितीदा समजावून सांगितले आहे: ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. आणि आम्ही काय केले? गोष्ट आपल्या बाजूची वाटली म्हणून तपासलीच नाही. मग सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायला लागलो, आणि तबकड्यांचा माग काढता काढता या आकड्यापर्यंत येऊन पोचलो.

हा आकडा पहिल्यांदा भेटतो तो बुद्धिबळाच्या पटावर. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. खेळ शोधून काढणाऱ्यावर राजा खूश झाला, माग म्हणाला. त्याने मागितले काय, तर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दर घरात दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्या. राजाला वाटले, हा खुळा दिसतो. हिशेब झाला तेव्हा कोठार पुरेना.

ही गोष्ट भारतातली म्हणून सांगतात. शोधकाचे नाव सिस्सा, देश हिंद. खेळही मूळ आपल्याच देशातला, चतुरंग. पण गोष्ट जुन्या काळी लिहून ठेवलेली सापडते ती अरबी ग्रंथांत. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने ती सविस्तर दिली आहे. केरळात अंबलपुळा गावच्या देवळातही हीच कथा सांगतात. तिथे मागणारा प्रत्यक्ष कृष्ण आणि धान्य तांदूळ, म्हणून आजही पायसाचा प्रसाद वाटतात म्हणे. गाव बदलले, देव बदलला, आकडा मात्र तोच राहिला. आम्हाला वाटते, गोष्टीपेक्षा आकडा जास्त प्रामाणिक असतो.

आकडा काढणारा एक माणूस मात्र पक्का ठाऊक आहे, तो म्हणजे अल्बेरुनी. इ.स. ९७३ मध्ये ख्वारिझम प्रांतात जन्मलेला हा विद्वान. पुढे त्याने इ.स. १०३० च्या सुमारास आपल्या देशावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातला चातुर्वर्ण्याबद्दलचा भाग आपल्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, इ.स. १००० च्या सुमारास, कालगणनेवरच्या ग्रंथात त्याने हा हिशेब केला. चौसष्ट वेळा दुप्पट करीत बसायचे म्हणजे चूक ठरलेली. त्याने युक्ती केली. पाचव्या घरात १६ दाणे. १६ ला १६ ने गुणले की २५६, हे नवव्या घरातले दाणे. २५६ ला २५६ ने गुणले की ६५,५३६, हे सतराव्या घरातले. त्याला त्यानेच गुणले की ४,२९,४९,६७,२९६, हे तेहतिसाव्या घरातले. आणि पुन्हा त्याला त्यानेच गुणले की पासष्टाव्या घराचा आकडा. आता पटावर पासष्टावे घर नाहीच. पण कुठल्याही घरातले दाणे हे त्याच्या मागच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा बरोबर एकाने जास्त असतात. १, २, ४ यांची बेरीज ७, पुढच्या घरात ८. तेव्हा पासष्टाव्या घराच्या आकड्यातून एक वजा केला की सगळ्या पटाची बेरीज हातात. चार गुणाकार आणि एक वजाबाकी! आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ असायची. ही युक्ती त्यांना सांगितली असती तर ओसरीवर बसून त्यांनी हा हिशेब केला असता.

आता हे धान्य म्हणजे किती? आम्ही घरी गव्हाचे एक हजार दाणे मोजले आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले. (मोजायला घरच्या मंडळींनी मदत केली, नावे मात्र ठेवली.) चाळीस ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे किलोला पंचवीस हजार दाणे. त्या हिशेबाने सगळ्या पटाचे धान्य होते सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन. २०२३-२४ साली आपल्या साऱ्या देशात गहू पिकला ११ कोटी टनांच्या थोडा वर. म्हणजे सगळ्या देशाचा गहू, एक दाणाही न खाता, साडेसहा हजार वर्षे साठवावा तेव्हा पट भरेल.

गंमत पुढेच आहे. पटाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे बत्तीस घरे, एवढीच भरायची असती तर धान्य लागते सुमारे १७२ टन. दहा टनी सतरा-अठरा ट्रक. कुठलाही राजा हे हसत देईल. पहिल्या बत्तीस घरांत राजाला काहीच कळत नाही. मरण आहे ते तेहतिसाव्या घरापासून पुढे.

हे वाचताना आम्हाला आमच्या आजोबांचा कागद आठवला. आजोबांनी गावच्या एका सावकाराकडून चाळीस रुपये घेतले होते. दामदुप्पट म्हणून जुना नियम होता, की व्याज मुद्दलाच्या वर जायचे नाही. नियम चांगला. पण चाळीसाचे ऐंशी झाले की सावकार म्हणायचा, नवा कागद करू. नव्या कागदात मुद्दलच ऐंशी. त्याचे एकशे साठ झाले की पुन्हा नवा कागद. मग तीनशे वीस. चौथ्या नव्या कागदाला सहाशे चाळीस झाले आणि पावणेदोन एकराचा तुकडा गेला. प्रत्येक कागदावर अंगठा आहे. नियम कुठेच मोडलेला नाही! आजोबा बुद्धिबळ खेळले नाहीत, पण त्या पटावर पाचव्या घरातच संपले. आम्ही मुलांना गणित शिका, गणित शिका म्हणून का मागे लागतो, ते या कागदामुळे. तो कागद अजून आमच्या ट्रंकेत आहे.

आता काशीचे देऊळ. वाचनालयात कळले ते असे. १८८३ साली पॅरिसमध्ये एक खेळणे विकायला आले. लाकडी पाटावर तीन खुंट्या आणि लहानमोठ्या तबकड्या. एका वेळी एकच तबकडी हलवायची, मोठी तबकडी लहानीवर ठेवायची नाही, आणि सगळी चवड एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर न्यायची. शोधकर्त्याचे नाव छापले होते, सियामचे प्राध्यापक क्लाउस. असा कोणी माणूसच नव्हता. क्लाउस या नावाची फ्रेंच अक्षरे फिरवली की लुकास होते. आमियाँ गावी १८४२ साली जन्मलेले गणिताचे प्राध्यापक एदुआर लुकास यांचे हे काम. त्यांनी कॉलेजचे नावही असेच उलटेपालटे करून छापले होते. आणि १८८४ साली पार्विल नावाच्या फ्रेंच लेखकाने त्या खेळण्याला काशीच्या देवळाचा साज चढवला. पितळेचा पाट, हातभर उंचीच्या हिऱ्याच्या तीन सुया, सोन्याच्या चौसष्ट तबकड्या, पुजारी, आणि शेवटी जगबुडी.

देऊळ नाही, सुया नाहीत, पुजारी नाहीत. खेळण्याभोवती रचलेली गोष्ट! दूरच्या गूढ देशात असले काही चालत असेल असे तिकडच्या लोकांना वाटायचे, म्हणून ती खपली. आणि शंभर वर्षांहून अधिक काळाने आम्ही तीच गोष्ट खरी धरून शिबिरात टाळ्या घेतल्या. कोणी ती प्राचीन भारताच्या गणिताचा पुरावा म्हणून सांगतो, कोणी आमच्यासारखा भटशाहीवर टीका म्हणून सांगतो, दोघेही फसलेलेच. पुढच्या महिन्याच्या शिबिरात आम्ही उभे राहून सांगितले की, मागच्या खेपेला सांगितलेली गोष्ट खोटी होती. टाळ्या पडल्या नाहीत. एक ज्येष्ठ कार्यकर्ते तर नंतर म्हणाले, कशाला सांगितलेत, लोक विसरले होते. त्यावरून आमचा त्यांच्याशी वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

देऊळ खोटे, पण लुकास यांचे गणित पक्के आहे. एक तबकडी असेल तर एक चाल. दोन असतील तर तीन. तीन असतील तर सात. कारण असे की, सगळ्यात खालची तबकडी हलवायची तर वरची सगळी चवड आधी तिसऱ्या खुंटीवर न्यावी लागते, मग खालची एक चाल, मग ती चवड पुन्हा तिच्यावर आणायची. म्हणजे मागच्या चालींची दुप्पट आणि वर एक. घरी लहानमोठ्या ताटल्या घेऊन करून बघा. असे चौसष्टपर्यंत गेले की चाली होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. गव्हाचे दाणे आणि सोन्याच्या तबकड्या, आकडा एकच! सेकंदाला एक चाल धरली तर काम संपायला ५८ हजार ४०० कोटी वर्षे लागतात. शास्त्रज्ञ विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे सांगतात. जगबुडीची काळजी करायला नको.

चौसष्टचा हा प्रकार गिरणीतल्या माणसाला नवा नाही. ड्रॉइंगच्या यंत्रावर कापसाच्या आठ वाती एकत्र ओढून एक करतात, आणि ती वात पुन्हा दुसऱ्या यंत्रावर आठातली एक होऊन जाते. आठ आठे चौसष्ट. सूत एकसारखे यावे म्हणून हे करतात. आम्ही कितीतरी वर्षे त्या खात्यावरून ये-जा केली, हा हिशेब कधी डोक्यात आला नाही.

आता आकडा आतून कसा आहे ते बघू. शेवटी ५ आहे, म्हणजे पाचाने भाग जातो. सगळ्या अंकांची बेरीज करा, ८७ येते. तिला तिनाने भाग जातो, म्हणून आकड्यालाही तिनाने जातो. नवाने मात्र जात नाही. पूर्ण फोड केली तर हा आकडा म्हणजे ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात संख्यांचा गुणाकार आहे. या सातही मूळ संख्या, म्हणजे स्वतः आणि एक सोडून कोणाचाच त्यांना भाग जात नाही.

या फोडीत एक मोठी हार-जीत दडलेली आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फर्मा नावाचे गृहस्थ होते. व्यवसायाने न्यायाधीश, गणित फावल्या वेळेत. त्यांनी पटावरचे ते खास आकडे घेतले, २, ४, १६, २५६, ६५,५३६, आणि प्रत्येकात एक मिळवला. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ झाले. पाचही मूळ संख्या. १६४० साली त्यांनी पत्रातून कळवले की, असे पुढे कितीही गेलो तरी मूळ संख्याच मिळतील असे मला वाटते. पुढचा आकडा होता ४,२९,४९,६७,२९७. फर्मा एवढे मोठे की जवळजवळ शंभर वर्षे हे कोणी खोडून काढले नाही. १७३२ साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवले की या आकड्याला ६४१ ने भाग जातो. संपले. मोठ्या माणसाचे म्हणणे पाच वेळा खरे ठरले आणि सहाव्या वेळी पडले.

ऑयलर यांना ६४१ हा अंक सापडला कसा? त्यांनी पुढे सिद्ध केले की या आकड्याला भाग जायचाच असेल तर तो चौसष्टच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल. (इथेही चौसष्ट!) मग ६५, १२९, १९३ अशा थोड्याच संख्या तपासायच्या उरतात. त्यातल्या मूळ संख्या तेवढ्या घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला कुलूप उघडते. हजार किल्ल्या लावत बसण्यापेक्षा कुलूप कसले आहे ते आधी बघावे.

पटाला आणखी तीन घरे जोडली, सदुसष्ट घरे केली, तर बेरीज होते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. लुकास यांनीच १८७६ साली सिद्ध केले होते की ही मूळ संख्या नाही, पण तिचे तुकडे काही सापडत नव्हते. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक कोल उभे राहिले. त्यांनी फळ्यावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला, उत्तर हेच आले. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्या वाजवल्या. याला किती वेळ लागला असे विचारल्यावर म्हणाले, तीन वर्षांचे रविवार. ही मौनाची हकीकत बेल नावाच्या लेखकाने पुष्कळ वर्षांनी लिहिली, तेव्हा ती शब्दशः खरी मानावी की नाही याबद्दल आम्ही आता जपून बोलतो. गुणाकार मात्र कोणीही पडताळून पाहू शकतो. आणि आठवड्याची एक सुट्टी म्हणजे काय असते हे गिरणी कामगाराला कोणी सांगायला नको, म्हणून ते रविवार खरे असावेत असे आम्हाला मनातून वाटते.

एवढे लिहिल्यावर कोणी विचारील, आपल्या ग्रंथांत असे आकडे नाहीत का? आहेत. ललितविस्तर या संस्कृत बौद्ध ग्रंथात विवाहाच्या वेळी सिद्धार्थ कुमाराची परीक्षा होते तो प्रसंग आहे. अर्जुन नावाचा गणक विचारतो, कोटीच्या पुढे शंभरपटीने वाढत जाणारी मोजणी तुला येते का? कुमार एकामागून एक नावे सांगत जातो आणि तल्लक्षण या संख्येपर्यंत पोचतो. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत शेवटचे नाव परार्ध, त्यावर सतरा शून्ये. आपला पटाचा आकडा १८४ परार्धांच्या वर जातो, पण तल्लक्षणापुढे तो दाण्याएवढासुद्धा नाही.

हे वाचून आम्हाला अभिमान वाटला. लगेच त्या मुलीचा प्रश्नही आठवला. तेव्हा जे काशीच्या देवळाला लावले तेच इथेही लावले पाहिजे. ललितविस्तर हा भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतकांनी रचला गेला. ती परीक्षा खरोखर झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांनी तो ग्रंथ रचला त्या लोकांना त्रेपन्न शून्यांपर्यंत शंभरपटीने मोजत जाण्याची रीत आणि नावे ठाऊक होती, एवढे तर ग्रंथच सांगतो. आम्हाला एवढे पुरते. आमच्यातल्या काहींना ते पुरत नाही, तेही आम्हाला ठाऊक आहे.

राहता राहिला आजचा काळ. मुलांच्या हातातल्या मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये आकडे शून्य आणि एक अशा दोनच खुणांनी लिहितात. अशी चौसष्ट घरे एका रांगेत धरली, आणि सगळ्या घरांत एक भरला, की जो सगळ्यात मोठा आकडा बसतो तो हाच आहे. पूर्वी बत्तीस घरांची रांग असे, आणि तिच्यातले एक घर अधिक-उणे दाखवायला गेले की २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मोजता येत नसे. जुन्या यंत्रांतली काही घड्याळे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशाच रांगेत मोजतात. ती रांग १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल, म्हणून त्याआधी ती बदलावी लागणार आहेत.

ती कॉलेजातली मुलगी आता नोकरीला लागली आहे आणि रविवारी विहारात मुलांची अभ्यासिका घेते. मध्यंतरी आम्ही तिला ऑयलर यांची हकीकत सांगितली. तिने लगेच फळ्यावर ४,२९,४९,६७,२९७ लिहिले आणि मुलांना म्हणाली, ६४१ ने भागा. सातवीतल्या एका पोराने सगळ्यांच्या आधी हात वर केला, उत्तर ६७,४१७. बाकी शून्य आली होती, म्हणून तो खूश. मागच्या रांगेतली एक पाचवीतली मुलगी उठून म्हणाली, "ताई, ह्यानं दोन शून्यं खाल्ली." फळ्यापाशी जाऊन बघितले तर तिचे बरोबर होते. ६७ नंतर २६ उरतात, त्याला भाग जात नाही, शून्य. मग २६७, त्यालाही जात नाही, पुन्हा शून्य. पोराने ती सोडली होती. त्याने फळा पुसला आणि पहिल्यापासून मांडायला घेतले.